एका कॉइलची आच

मी विजेची शेगडी बोलतेय. नोएडातल्या एका सोसायटीत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत, कपड्यांच्या स्टँडखाली माझी जागा आहे. बोलतेय म्हणजे तक्रार करतेय असं समजू नका. तक्रार करायलाही अंगात थोडी धग लागते.

माझं अंग पत्र्याचं. वर मातीची पांढरी थाळी, तिच्यात गोल खाचा आणि खाचांत दोन कॉइल, एक आतली, एक बाहेरची. विनयरावांनी मला करोलबागेतून आणलं तेव्हा ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते. घरात गॅस होताच, मला आणलं ते दिल्लीच्या थंडीसाठी. संध्याकाळी सगळे माझ्यावर हात धरून बसायचे आणि साहेबांना नावं ठेवायचे. अंगाला ऊब मिळाली की माणसांना दुसऱ्यांची उणीदुणी सुचतात.

पुढे बाहेरची कॉइल तुटली. विनयराव पक्कड घेऊन आले, तर त्यांच्या पत्नी सुरेखाबाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. माझ्या हलव्याला एवढीच आच हवी."

"अगं, पण बिघडलीय ती!"

"बिघडू दे की."

संक्रांतीचा काटेरी हलवा त्या माझ्यावर करत. परातीत तीळ घ्यायचे, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. असं कितीतरी दिवस. आच जरा वाढली की साखर सुटते आणि आलेला काटा मोडतो. अर्ध्या आचेवर, बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत, त्यांचा हलवा पांढराशुभ्र व्हायचा. येणारे-जाणारे मला बिघडलेली म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण मी कामात असे.

गेल्या वर्षी नातीच्या, अनुष्काच्या बोरन्हाणासाठी त्यांनी हलवा करायला घेतला. काटा नुकता धरू लागला होता आणि त्या गेल्या, झोपेतच. बोरन्हाण राहिलं. अर्धा झालेला हलवा डब्यात भरून कपाटात गेला आणि मी इथे स्टँडखाली आले.

वर्षभर मी विनयरावांना या बाल्कनीतून पाहिलं. चहा गार झाला तरी ते तसाच पीत. स्वयंपाकाला येणाऱ्या दीदी विचारत, "अंकल, सब्ज़ी में नमक ठीक है?" ते म्हणत, "बिल्कुल." चव न घेताच म्हणत. ते रडले नाहीत. आम्ही दोघंही बंद पडलो होतो, एवढंच.

या थंडीत त्यांची मुलगी मयुरा अनुष्काला घेऊन गुरुग्रामहून आली. "बाबा, बोरन्हाण या वर्षी करूया. हलव्याचं टेन्शन घेऊ नका, मी ऑनलाइन मागवते."

"आईचा आहे ना. तो पुरा करतो."

"तुम्हाला येतो?"

"इतकी वर्षं बघितलंय."

त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं, प्लग लावला. मी ढिम्म. मधल्या काळात आतली कॉइलही गंजून तुटली होती. प्लग काढून त्यांनी माझे स्क्रू सोडले, गंज खरवडला आणि बाजारातून एक नाही, दोन कॉइल आणल्या. दोन्ही जपून ताणल्या आणि खाचांत बसवल्या. बिघडलेलं नीट करायची माणसांना फार हौस. जे कधीच नीट होणार नव्हतं, त्याच्या वाटची हौसही माझ्यावरच फिटली.

प्लग लावला आणि मी आतून-बाहेरून लाल झाले. "मयुरा, बघ! अगदी नवी." वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा चढला होता.

त्यांनी सगळाच्या सगळा डबा परातीत ओतला. पाक सोडला, बोटं फिरवायला लागले. थंडीनं त्यांची बोटं बधिर झाली होती, परात किती तापलीय ते कळेना. मला कळत होतं. साखर सुटली, काटे बसले, कडेचे दाणे पिवळे पडले. ओरडायला मला तोंड नाही.

मग बोट परातीच्या तळाला लागलं.

"अगं, भाजलं!"

वर्षभर या घरात कुणी कुणाला 'अगं' म्हटलं नव्हतं. दारात मयुरा लेकीला घेऊन उभी होती. तिनं पुढे येऊन प्लग काढला. करपलेल्या साखरेचा वास पसरला. विनयराव माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि रडले. बराच वेळ रडले.

"ती सांगत होती," ते म्हणाले, "एवढीच आच हवी म्हणून. मी ऐकत होतो, पण कळत नव्हतं."

मी गार झाल्यावर त्यांनी बाहेरची नवी कॉइल सोडवून काढून ठेवली. परात घासली. सुरेखाबाईंचा हलवा संपला. आता परातीत नवे तीळ आहेत. पाक सुकतो, पण काटा काही येत नाही. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, असं म्हणून ते रोज बसतात. मी पुन्हा अर्धीच तापते.

तुमच्या घरात असं अर्धवट चालणारं काही असेल, तर पक्कड उचलण्याआधी विचारा, ते कुणाच्या उपयोगाचं आहे. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.

आज दुपारी स्वयंपाकघरातून नेहमीचा प्रश्न ऐकू आला, "अंकल, नमक ठीक है?"

चमचा वाटीवर वाजला. मग विनयराव म्हणाले, "नहीं. आज कम है."