छताचं भोक

संत्र्याच्या बागेत जाणारे मजूर आत पाहतात म्हणून शेखरनं स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवून टाकली. तेव्हापासून त्याची बायको दीपमाला चुलीच्या धुरात खोकत भाकरी थापायची. हा शहाणा मात्र ओसरीवर बसून मोबाइलच्या गेममध्ये घर बांधायचा.

“हे पाय, छताले भोक ठेवलं,” एकदा त्यानं कौतुकानं दाखवलं. “नाईतं शेकोटीच्या धुरानं आतला माणूस गुदमरून मरते.”

तो आंघोळीला गेला, तसं तिनं गेममधलं ते भोक फळीनं बंद केलं.

परत येऊन त्यानं गेममधल्या घरात शेकोटी पेटवली, आपल्या गड्याला झोपवलं. महिनाभर जपलेला गडी खोकून खोकून मेला.

“भोक कोनं बुजवलं वं?” शेखर ओरडला.

फुंकणी खाली न ठेवता दीपमाला म्हणाली, “मीनं. मजूर आत पाहून राहिले होते.”