मागच्या चाकाचा हट्टी नट

मित्रांनो, मी एक जुना नट आहे. मोटारीच्या मागच्या डाव्या चाकावर माझा मुक्काम. हट्टीपणात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी परवापरवापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. आता जरा बेतानंच सांगतो. का, ते ऐका. ते नुसतं आठवलं तरी माझे आटे अजून थरारतात!

एका मोठ्या कारखान्यात तापलेल्या सळईतून माझा जन्म झाला. आत गोल आटे, बाहेर सहा सरळ बाजू, वर चकाकी अशी की बघत राहावं. आम्ही चौघे भाऊ. चौघांनी मिळून एक चाक धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. पण आम्ही ढिलाई केली तर गाडी एकीकडे आणि चाक दुसरीकडे!

ही गाडी मावशींची. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते. त्या केक बनवतात आणि मागच्या सीटवर खोकी ठेवून स्वतः गाडी चालवत घरोघर पोचवतात. वळण आलं की म्हणतात, "सांभाळून रे बाळांनो!" त्या केकला सांगत असतात, पण आम्ही चौघे आपले आणखी घट्ट धरायचो.

मागच्या खेपेला गॅरेजवाल्यानं हवेच्या मोठ्या मशीननं मला असं करकचून आवळलं की माझा श्वासच कोंडला. वर गंज चढला. फडकं कुणी फिरवलं नाही. मग मीही हट्टाला पेटलो.

आणि एका दुपारी नेमकं तेच चाक पंक्चर झालं! गाडीत तीन मजली केक, डोक्यावर रणरणतं ऊन. मावशींनी हातपाना लावला, त्याला लटकल्या, शेवटी त्यावर उभ्या राहून उड्या मारल्या. भाऊ सुटले. मी ढिम्म. मावशींनी भावांना परत आवळलं आणि एका ट्रकवाल्यानं चाकात हवा भरून दिली, तोवर केकचा वरचा मजला खालच्या मजल्यावर राहायला आला होता. मावशी रडकुंडीला आल्या आणि मला पहिल्यांदाच माझ्या हट्टाची लाज वाटली.

संध्याकाळी मावशींचे थोरले भाऊ आले. मावशी त्यांना दादा म्हणतात. "विकून टाक ही गाडी," ते म्हणाले. "चाकसुद्धा बदलता येत नाही तुला. रस्त्यात अडकलीस तर?"

"आणि मी एकटीनं बदलून दाखवलं तर?"

"तर परत तोंडातून शब्द काढणार नाही. पण उद्याच दाखवायचं."

गाडी विकली जाणार? आणि तीही माझ्यापायी?

दुसऱ्या दिवशी चाकात पुन्हा हवा भरून, दादांना सोबत घेऊन आमची गाडी अवजारांच्या दुकानासमोर उभी! मावशी म्हणाल्या, "विजेवरचा इम्पॅक्ट रेंच दाखवा. वर्षातून दोनचारदाच लागणार, तेव्हा परवडणारा हवा. माझ्या हातात पेलायला हवा. आणि माझ्या नटावर लावून बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

"बघा की!" दुकानदार हसले. "बॅटरीवरचा घ्या, रस्त्यात प्लग कुठे शोधणार?"

हे मशीन म्हणजे आतून भराभर ठोके मारत नट फिरवणारा पाना. मावशींनी खडूनं माझ्या डोक्यावरून चाकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. "हलला तर कळायला हवा," त्या म्हणाल्या.

"आण इकडे, खांदा दुखेल तुझा," म्हणत दादांनी सगळ्यात छोटं, स्वस्त मशीन उचललं आणि बटण दाबलं. खडखडखडखड! माझे दात वाजायला लागले. पण हे काय? अहो दादा, तुम्ही मला सोडवत नाही, आवळताय! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण नटाचं कोण ऐकतं?

"यात दम नाही," दादा म्हणाले. दुकानदार खुशीत दुसरं, महाग मशीन घेऊन आले. ते मावशींना धड उचलतही येईना. दादांनी त्याचंही बटण तसंच दाबलं. खडखडखड! करर्र! माझा गंज तडकला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? विकूनच टाक!" दादा म्हणाले. इतक्यात तिसरं, धिप्पाड मशीन आलं. आता मी संपलो! बोल्टसकट तुटणार!

"थांब दादा!" मावशी खाली बसल्या. "रेघ बघ. नट हललाय. पण बंद व्हायच्या बाजूला!"

दुकानदारांनी वाकून पाहिलं. "अरेच्चा! दोन्ही मशीनांचं दिशेचं बटण आवळायच्या बाजूलाच राहिलंय की."

दादांना अचानक रस्त्यापलीकडचं झाड फार आवडलं. ते तिकडेच बघत राहिले.

मावशींनी पुन्हा ते छोटं मशीन घेतलं, दिशा बदलली, माझ्या डोक्यावर नीट बसवलं आणि बटण दाबलं. खडखडखड! मी हललो नाही. मावशींनी दात-ओठ खाल्ले. अरे सूट, सूट! मी स्वतःलाच बजावलं. खडखडखड... आणि रेघ सरकली! आधी मी अर्धा फेरा फिरलो, मग गर्रगर्र फिरतच सुटलो आणि टुणकन मावशींच्या तळहातावर पडलो.

"सुटला! सुटला रे!" मावशींनी भर रस्त्यात गिरकी घेतली. मलाही इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. चाक त्यांनी एकटीनं बदललं. दुकानदारांच्या सांगण्यावरून आधी आम्हाला बोटांनी फिरवून बसवलं, मग हातपान्यानं बेतानं आवळलं. छोटं मशीन डिकीत गेलं. दादा एवढंच म्हणाले, "बरं. गाडी राहू दे."

परवा त्यांचाच फोन आला. "अगं, माझ्या गाडीचं चाक बसलंय. तुझं ते मशीन घेऊन येतेस का?"

"येते की," मावशी म्हणाल्या. "पण बटण मी दाबणार!"

तर मित्रांनो, आमच्यावर अधूनमधून फडकं फिरवा, आमचा गळा आवळू नका. आणि कुणी हलतच नसेल, तर जोर वाढवण्याआधी दिशा तेवढी बघा. तो बिचारा कदाचित सुटायलाच बसलेला असेल.