आधी मासे, मग फिर्याद

मुलांनो, कल्पना करा. तुमच्या खांद्यावर कावड आहे. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची हंडी, हंडीत पाणी आणि पाण्यात जिऱ्याएवढी माशांची पिल्लं. चालता चालता तुम्ही तळहाताने ते पाणी सारखं थापटत आहात, कारण हात थांबला की पिल्लं गुदमरतात. अशात कुणी मागून काठी घातली, तर?

निताईला चामोर्शीच्या रस्त्यावर अशीच काठी बसली. गावाने त्या वर्षी बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मासे सोडायचं काम जुन्या ठेकेदाराकडून, नानाजीकडून, काढून निताईला दिलं होतं. निताईचं कोपर फुटलं, एक हंडी सांडली. मारणाऱ्याचं तोंड त्याने पाहिलं नाही. त्याचे डोळे पाण्यावर होते. पाहिलं ते मागून येणाऱ्या बायकोने, शेफालीने, आणि लेकीने, रोशनीने.

"आधी पिल्लं पोचवा," निताई मोहाच्या झाडाखाली बसून कण्हत म्हणाला. मायलेकींनी उरलेली हंडी दोघींत धरली, पाणी थापटत बोडी गाठली, पिल्लं सोडली. मग त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. फिर्याद दुसऱ्या दिवशी झाली.

ठाण्यात जमादाराने पहिलं विचारलं, "कागद दाखव. बांगलादेशी ना तुमी?" शेफाली दोन वर्षांची असताना सरकारनेच तिच्या निर्वासित बापाला बंगालमधून इथे आणून जमीन दिली होती. तिने मारणाऱ्याचं नाव सांगितलं आणि तेही सांगितलं. रोशनीचा जबाब कुणी घेतलाच नाही.

दोन वर्षांनी गडचिरोलीला नानाजीवर खटला उभा राहिला. कोर्टाच्या ओसरीत सरकारी वकील म्हणाले, "बाई, नवऱ्याचा हात मोडला अन् तुमी मासे सोडाले गेल्या. समोरचा वकील हेच इचारन. काय सांगान?"

तेवढ्यात नानाजी शेजारून गेला. "काऊन बाई, साक्ष द्याले आली काय? दे. मंग तुमची गाडी सीधी बॉर्डरवर."

त्याच्या सोबतचे लोक हसले. वकिलांनी मान खाली घालून कागद चाळले.

"साहेब, आयकलं ना तुमी?" शेफालीने विचारलं.

"ते या केसमधी येत नाई, बाई."

"मंग मी बी येत नाई." "मासे काऊन सोडले, कागद कुठी हाय, बाप कुठचा. दोन वर्षं हेच पुसून राह्यले. कोनं मारलं, हे कोनी पुसत नाई. मार बी आमीच खाल्ला अन् जाब बी आमीच द्याचा?"

"तुमी नाई बोलल्या तर तो सुटन."

"सुटू द्या. उद्या रस्त्यात तो भेटन तवा तुमी असान काय तिथी?"

शिपायाने शेफालीच्या नावाचा पुकारा केला. दुसऱ्यांदा केला. ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

रोशनी उठली. आईने तिचा फ्रॉक धरला. तिने तो सोडवून घेतला आणि दारातल्या शिपायाच्या हाताखालून आत शिरली.

"आई येत नाई," ती न्यायाधीशांना म्हणाली. "पन मारलं तवा मी बी होती." आणि त्यांनी काही विचारायच्या आत तिने वळून नानाजीकडे बोट केलं.