ठिपका कुठंच गेला नव्हता

मित्रांनो, मी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मल गावात घडलेली एक जुनी तबकडी आहे. माझा निळा रंग उडाला आहे, दांडा सैल झाला आहे आणि माझ्यापुढची काच एका कोपऱ्यात तडकली आहे. आता मला कोणी फिरवत नाही. खरं सांगते, त्याचं मला दुःखही नाही.

निर्मलच्या एका कारागिरानं हलक्या लाकडातून मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि माझ्या तोंडावर दाट निळ्या फुल्या काढल्या. मग मला एका चौकटीत बसवून माझ्यापुढं एक काच पक्की लावली. काचेच्या मध्यभागी लाल टिकली, तिच्याभोवती तीन पिवळे ठिपके. काच जागची हलत नसे, फिरायचे ती मी. लाल टिकलीवर नजर रोखून बसलं, की माझ्या गरगरण्यात भोवतीचा एखादा पिवळा ठिपका दिसेनासा व्हायचा. तो पुसला जात नसे. बघणाऱ्याची नजर फसायची, एवढंच. डोळा जरा हलवला की ठिपका पुन्हा हजर!

अमृतराव नावाच्या खेळणीवाल्यानं मला निवडलं आणि आठवडी बाजारांतून माझा खेळ मांडला. इंद्रवेल्लीच्या बाजारात तर माझ्यापुढं झुंबड उडायची. "मधातल्या टिकलीकडं पाहा, डोये हालवू नका," असं तो ओरडायचा. एखाद्या नव्या नवरीला ठिपका दाखवून म्हणायचा, "हे तुही सासू. पाहा, आता जाते." ठिपका गेला की बायका पोट धरून हसायच्या. मीही मनातल्या मनात फुशारून जायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग निजामाचं राज्य गेलं, आणि काही वर्षांनी हैदराबाद राज्यही मोडायचं ठरलं. किनवट मुंबई राज्यात जाणार, आदिलाबाद आंध्रात जाणार, अशी बोलणी बाजारात सुरू झाली. कोणी म्हणे शिवेवर तपासणीचं नाकं बसेल, कोणी म्हणे माहेरी यायला परवाना लागेल. धास्तावलेली माणसं माझ्यापुढं बसून ठिपक्यांना आपापल्या गावांची नावं देऊ लागली. देवापुढं कौल मागावा तसा ती माझ्याकडं कौल मागू लागली; ठिपका गेला, की ते गाव तुटलं असं धरू लागली. अमृतरावला आधी गंमत वाटली. त्यानं कोणाला अडवलं नाही.

एका बाजारी सोजरबाई आली. ती सीमेलगत आदिलाबादकडच्या एका गावात भाजीपाला पिकवायची. नवरा नव्हता, राही ही एकुलती एक लेक. राहीचं किनवटकडच्या एका घरी ठरलं होतं, सोयरिकीचं कुंकूही लागलं होतं. माझ्या चौकटीला सोजरबाईनं हळदकुंकू वाहिलं, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे माही राही. तिकडं देऊ का नोको, सांग."

मी फिरू लागले. माझ्या हातात दुसरं काय होतं? सोजरबाई पापणी न लववता बघत राहिली, आणि व्हायचं तेच झालं.

"गेली!" ती किंचाळली. "माही पोर गेली!"

अमृतरावच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं झटकन मला थांबवलं. "बाई, हा डोयाचा खेळ हाय. पाहा, ठिपका जागेवरच हाय."

"थांबवल्यावर सारंच दिसते," सोजरबाई म्हणाली. "राज्य फिरून राह्यलं, ते कोण थांबवते? फिरतानी तं गेली ना?"

राही तिच्या शेजारीच उभी होती. तिचा एक हात माझ्या चौकटीवर होता. "माय, मले एक डाव पाहू दे ना," ती म्हणाली. आईनं तिला मनगट धरून ओढत नेलं. त्या वेळी राही माझ्यापुढं बसली असती तर! स्वतः तिथं बसून स्वतःचाच ठिपका नाहीसा झालेला पाहिला असता, तर ती हसली असती, आणि कदाचित आईही हसली असती.

सोयरीक मोडली. कुंकू लागून मोडलेली मुलगी, म्हणून पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. राज्यं वेगळी झाली, पण शिवेवर नाकं काही बसलं नाही. किनवटकडं दिलेल्या लेकी सणाला खुशाल माहेरी येत राहिल्या. अमृतरावनं मला पोत्यात गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर टाकलं. तिथं मी वाळवीला भीत दिवस काढले.

फार वर्षांनी, सोजरबाई वारल्यावर, राही दुकानात आली. केस पिकले होते, डोक्यावर वांग्यांची टोपली होती. तिनं टोपली उतरवून मला बघायला मागितलं. म्हाताऱ्या अमृतरावनं धूळ झटकून मला फिरवलं. ती टिकलीकडं बघत बसली.

"तुहा ठिपका दिसते का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"पण तू तं हायेस ना?"

राहीनं टोपली उचलली आणि ती निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणणार नाही. मला चुलीत घातलं तरी चालेल. पण ज्या माणसाच्या काळजीनं तुमचा जीव खालीवर होतो, ते माणूस शेजारीच उभं असेल, तर कौल मागत फिरू नका. मान वळवा, आणि त्यालाच विचारा.