सावुसावूचा परिच्छेद

मेरेओनीने परत फोन लावला, परत तेच रेकॉर्डिंग ऐकलं आणि फोन टेबलावर आपटला. समोर पडद्यावर वादळाच्या सूचनांचं पान होतं आणि वर तिच्या धाकट्या भावाचं नाव: अपाकुकी लिहितोय.

"लिहितोय कसला, पान उघडं टाकून यंगोना प्यायला गेला असेल," वानी म्हणाली. सुवा शहरातल्या त्या न्यूजरूममध्ये तिचाच आवाज सगळ्यांत मोठा. "तोड ना ते कुलूप, मेरे. पूल वाहून गेलाय. लोक त्याच रस्त्याने निघतील."

एकाने पान उघडलं की बाकीच्यांना कुलूप, ही व्यवस्था मेरेओनीनेच बसवलेली. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसू नये म्हणून. तोडलं, की अपाकुकीने सेव्ह न केलेलं सगळं जाणार. अपाकुकी होता त्या सावुसावू गावातले फोन दुपारीच गेले होते. त्याच्या ऑफिसमधला कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने 'चालू आहे' एवढा एक इशारा धाडत होता, बस. कुलूप टिकून होतं ते त्याच्यावर.

"पाच मिनिटं दे."

"मला काय सांगतेस, वादळाला सांग."

सगळ्या पानाला एक कुलूप कशाला? ज्याचा परिच्छेद, त्याच्यापुरतं कुलूप. तिने भराभर बदल केले, चुकली, खोडलं, पुन्हा लिहिलं. चाचणीच्या पानावर दोघींनी एकदम टाइप केलं. दोघींचंही टिकलं. मग खऱ्या पानावर चढवलं आणि अपाकुकीचं कुलूप आक्रसून एका सावुसावूच्या परिच्छेदावर येऊन बसलं.

वानीने 'रस्ते' उघडून पुलाची बातमी टाकली. "गेली बाई एकदाची. हे आधी नाही सुचलं होय गं तुला?"

मेरेओनीचं लक्ष अपाकुकीच्या कॉम्प्युटरच्या इशाऱ्यांकडे होतं. एक आला. अजून एक आला. मग आलाच नाही. ती खुर्चीत पुढे सरकली. तीन चुकले की कुलूप सुटणार, हा नियमही तिचाच.

नाव गेलं.

"बघ, सुटलं आपोआप. आता सावुसावूचं मी भर..." वानी मध्येच थांबली.

मेरेओनीने त्या परिच्छेदावर क्लिक केलं. तिथे आता तिचं नाव आलं.

"काय लिहितेयस?" वानीने हळूच विचारलं.

"काही नाही. जागा धरून ठेवतेय."

वानीने आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली आणि खालचा, लंबासाचा परिच्छेद उघडला.