झोळीची दोरी

धनीबाईची सून रंजिता भित्री आहे, याबद्दल तांड्यात कुणाचं दुमत नव्हतं. कापसाच्या पऱ्हाटीवर अळी दिसली तरी ती अशी किंचाळायची, की शेजारच्या शेतातले बैल थांबत. "कोळशाच्या गावची पोरगी केली, तिले शेतातलं काय कळते!" असं म्हणून धनीबाई सगळा दोष वणीच्या व्याह्यांवर ढकलून मोकळी व्हायची.

दिवाळीनंतरचा कापसाचा दुसरा वेचा चालू होता. मुकुटबनच्या अलीकडे नाल्याला लागून त्यांचं शेत आणि नाल्यापलीकडे जंगल. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी टांगली होती, तिच्यात सहा महिन्यांची नात झोपली होती. झोळीला लांब दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक रंजिताच्या मनगटाला. इकडच्या सगळ्याच लेकुरवाळ्या असं करतात. कापूस वेचता वेचता हाताला ओढ द्यायची, झोळी हलत राहते. या पोरीला मात्र सवय अशी वाईट लागली होती, की झोळी थांबली रे थांबली, तिने सूर लावलाच म्हणून समजा. बाकीच्या बाया गाठोडी घेऊन सडकेवर टेम्पोकडे गेल्या होत्या. शेतात सासू-सून दोघीच.

धनीबाईने कंबर सरळ करायला मान वर केली आणि तिला तुरीच्या ओळीतून वाघ बाहेर येताना दिसला.

तो सावकाश चालत आला. पायाखाली वाळलेला पाला असूनही आवाज नाही. एवढं मोठं धूड, एवढं पिवळंधमक, आणि एवढा वेळ ते तुरीच्या एका ओळीत मावलं कसं, हेच धनीबाईला कळेना. तो निंबाखाली गेला आणि झोळीच्या सावलीत बसला.

धनीबाईचं तोंड उघडलं. वाघ दिसला की हाकारा करायचा, ताटल्या बडवायच्या, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण शेजारून सुनेची हलकी हाक आली.

"याडी, वरडू नका."

रंजिता वेचता वेचता सरळ उभी राहिली होती. तोंड पांढरंफटक पडलेलं, पण हात चालू होता. झोळी जात होती, येत होती.

"अवं, पोरगी..." धनीबाईला पुढे बोलवेना.

"दिसून राह्यलं मले. आपण वरडलो तं तो बिथरन. बिथरला तं कुठी उडी मारन, सांगता येत नाई. त्याच्या डोक्यावरच झोळी हाये." ती श्वास घेऊन थांबली. "वाकू नका. उभ्या राहा. वाकलेलं माणूस त्याले जनावर वाटते. हळूच माह्या बाजूले या."

धनीबाई गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने सुनेचं मुकाट्याने ऐकलं.

झोळीची सावली वाघाच्या पाठीवरून इकडून तिकडे फिरत होती. त्याने मान वर केली. झोळी डावीकडे गेली की त्याचं तोंड डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. घरातलं मांजर लोंबत्या सुतळीकडे असंच बघतं, आणि मग काय करतं ते धनीबाईला पुरतं माहीत होतं.

"थांबव," ती कुजबुजली.

"थांबवली तं पोरगी रडंन."

मग रंजिताने जे केलं, ते पाहताना धनीबाई भीती विसरली. तिने ओढ कमी केली. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा थोडा लहान. हाताला कंप सुटला होता, म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि कंप दोरीत जाऊ दिला नाही. शेवटी झोळी वाऱ्याने हलावी इतकीच हलत राहिली. वाघाची मान थांबली.

तो उठला. झोळीतून पोरीचं एक पाऊल बाहेर आलं होतं. त्याने त्या पावलाजवळ नाक नेलं.

रंजिताच्या घशातून काहीतरी निघालं, आणि तिने ते तिथेच गिळलं. तिचा हात मात्र तेवढाच मागे-पुढे होत राहिला.

वाघाने पाऊल हुंगलं. मग वळून त्या दोघींकडे पाहिलं. धनीबाईला वाटलं, या नजरेपुढे आपण, आपलं शेत, तांडा, काही काही नाही. एवढं सुंदर आणि एवढं भयंकर तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे हात आपोआप जोडले गेले. रंजिताने नजर खाली केली नाही, पाऊलही उचललं नाही. वाघ वळला आणि नाल्यात उतरून दिसेनासा झाला.

धनीबाई धावणार, तेवढ्यात सून म्हणाली, "अजून नाई." पलीकडच्या काठावर टिटव्या ओरडल्या, ओरडत दूर गेल्या, म्हणजे वाघही दूर गेला. "आता जा. पळू नका."

धनीबाई चालत गेली. नातीला उचलून छातीशी धरलं. पोरगी कुरकुरली आणि तिच्या खांद्यावर पुन्हा झोपली. तिला घेऊन ती सुनेपाशी परत आली, तर रंजिता तशीच उभी. डोळे नाल्याकडे, हात चालू. मागे निंबाला रिकामी झोळी हलत होती.

"बाई, हे पाहाय. पोरगी माह्याजवळ हाये."

हात थांबेना. धनीबाईने लेकराला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने सुनेच्या मनगटाची गाठ सोडली. दोरीखालची कातडी सोलून निघाली होती. तेव्हा कुठे रंजिता मातीत बसली आणि असा टाहो फोडला की सडकेवरच्या बाया धावत आल्या.

"काय झालं? काहून रडते? वाघ आलता का?"

"आलता," धनीबाई म्हणाली. सुनेचं डोकं तिने आपल्या पोटाशी धरलं होतं. "माह्या सुनेनं त्याले जाऊ देल्लं."