मुकादम कुठेही जाणार नाही

नोटीस चिकटवायला सेक्रेटरीला अख्ख्या इमारतीत दुसरी भिंत सापडली नाही. बरोबर टाचणीमावशीच्या दुकानासमोर, जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ, ठळक अक्षरांत! 'इमारतीत पिसवा व गोचिडी झाल्या असून त्यास तळमजल्यावरील कुत्रा कारणीभूत आहे. रविवारच्या सभेपर्यंत कुत्रा न हलवल्यास पालिकेची गाडी बोलावण्यात येईल.' खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा.

मावशीने ती दोनदा वाचली. तोंडात सहा टाचण्या होत्या म्हणून लगेच काही बोलता आलं नाही, हे सेक्रेटरीचं नशीब. तीस वर्षं ही बाई जुने सोफे, खुर्च्या, पलंगांच्या पाठी उसवून त्यांना नवं कापड चढवत होती, आणि काम करताना टाचण्या ओठांत धरायची सवय काही सुटली नव्हती. खरं नाव आता तिच्या सुनेलाही आठवून सांगावं लागे. दुकानावर पाटी होती, ती मात्र सगळ्यांना पाठ: 'जुनं पूर्ण उसवून नवं'. वडिलांनी शिकवलेलं तेवढंच एक वाक्य, आणि तेच तिने रंगवून घेतलं होतं. जुन्या कापडावर नवं ओढून देणाऱ्या कारागिरांचं नाव निघालं की ती नाक मुरडायची.

आणि कुत्रा म्हणजे मुकादम. अकरा वर्षांचा, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा एक पाय आखडलेला. दिवसभर कामाच्या टेबलाशी पडून असे. हातोडीचा आवाज थांबला की मान वर करून बघे, काय गं, काम का थांबलं? म्हणून मुकादम. पालिकेच्या गाडीतून गेलेल्या म्हाताऱ्या, एका डोळ्याच्या कुत्र्याला न्यायला कोण येतं? कोणी नाही. चार दिवस वाट बघतात आणि मग सुई. हे मावशीला ठाऊक होतं, सेक्रेटरीलाही ठाऊक होतं, आणि तरी त्याने सहीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

तिने टाचण्या तळहातावर काढल्या.

"मुकादम कुठेही जाणार नाही," ती भिंतीला म्हणाली. भिंतीने ऐकलं, जिन्यावरून उतरणाऱ्या मास्तरांनीही ऐकलं.

आता खरं ते खरं. मुकादमच्या अंगावर पिसवा होत्या. गोचिडीही होत्या, कानांच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत, फुगलेल्या, राखाडी. पंधरा दिवसांपूर्वी एक दिसली, मग चार, मग मोजायची सोय राहिली नाही. कुठून आल्या हे तिला कळत नव्हतं. म्हातारा दुकान सोडून फार तर समोरच्या झाडापर्यंत जायचा आणि तिथूनही उपकार केल्यासारखा परत यायचा.

मग काय, इमारतीतला जो तो वैद्य! दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी जिन्यातच व्याख्यान दिलं. "रॉकेल चोळा मावशी, रॉकेल. आमच्या लहानपणी हेच करायचे." कोणी म्हणालं फिनेल. कोणी म्हणालं लसूण खायला घाला. कोणी तेलात कापूर कालवून वाटी घेऊनच दारात उभं. सूनबाईने सगळ्यांना "हो हो" म्हणून वाटेला लावलं आणि मागे वळून सासूला म्हणाली, "आई, यातलं काहीही त्याला लावायचं नाही. आधी दवाखान्यात विचारू."

सूनबाईला कुत्र्याचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. तिच्या घोट्यांवर पिसवांच्या चाव्यांची माळ उठली होती आणि नवरा बाहेरगावी कामाला असल्यामुळे चिडायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पण नोटीस वाचून तिचंही डोकं फिरलं होतं. आपल्या माणसाला आपण बोलावं, बाहेरच्याने कशाला?

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, आठवड्याने येणार होते. कंपाउंडर होता. त्याने मुकादमचा कान उलटा करून पाहिला आणि उपायांची यादी ऐकून कपाळावर हात मारला.

"रॉकेलने कातडी भाजेल. लसणाने रक्त बिघडेल. कापूर चाटला तर झटके येतील. याला मारायचंय की पिसवांना? औषध डॉक्टर आले की वजन बघून देतील. तोवर बारीक दातांचा कंगवा, चिमटा आणि साबणाचं पाणी. गोचीड कातडीला लागून धरायची, सरळ वर ओढायची. पिळायची नाही, जाळायची नाही. काढली की पाण्यात. आणि अंथरूण रोज उकळत्या पाण्यात." जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. "संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवा. उजेडाच्या ओढीने पिसवा उड्या मारतात आणि बुडतात. सकाळी कळतं किती आहेत ते."

चिमटा आणि बारीक काम! अहो, हे तर टाचणीमावशीचं रोजचंच. तिने दुकानाचं अर्धं शटर ओढलं, मुकादमला टेबलावर घेतलं, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. शिवण उसवताना एकेक टाका धरून ओढतात तशी एकेक गोचीड. पहिल्या दिवशी वाडग्यात एकेचाळीस. मुकादम एकदाच गुरगुरला.

"गुरगुर, गुरगुर," ती म्हणाली. "मी काय हौसेने करतेय?"

सूनबाई कंगवा फिरवत होती, नाक वाकडं करून, पण फिरवत होती. गोधडी उकळली. फटींतून ब्रश फिरला. कापडाचे गठ्ठे उन्हात गेले. दुसऱ्या दिवशी एकोणीस, तिसऱ्या दिवशी सात. पाचव्या दिवशी कंगव्यात नुसते केस आले आणि सूनबाईने "आई, काही नाही!" म्हणून अशी आरोळी ठोकली की मुकादम टेबलावरून उतरायला निघाला.

त्याच दुपारी सेक्रेटरी दारात आला. पायजम्याची कड वर करून त्याने घोटा दाखवला. ताजे लाल ठिपके.

"हे बघा मावशी. आणि काल जिन्याच्या भिंतीवर दोन गोचिडी चढताना सापडल्या. मी समजुतीने सांगतोय. गाडीवाल्यांना फोन करून ठेवलाय."

"कुत्रा स्वच्छ आहे. या, स्वतः बघा."

"मी कशाला हात लावू?"

"मग बोलू नका," मावशी म्हणाली.

तो हात झटकून निघून गेला. मावशीच्या अंगाची लाही लाही झाली होती, पण डोकं मात्र चालायला लागलं. कुत्र्यावर नाही, दुकानात नाही, आणि याला ताजे चावे? मग याला चावतंय कुठे?

शनिवारी संध्याकाळी सूनबाईने चार ताटल्या काढल्या. एक घरात, एक दुकानात, एक जिन्याखाली, आणि चौथी तळमजल्यावरच्या इमारतीच्या ऑफिसात. झाडणाऱ्या बाईकडे किल्ली असायची, तीही पिसवांना वैतागलेली, तिने आनंदाने दार उघडून दिलं. प्रत्येक ताटलीवर एकेक दिवा.

सकाळी घरातली ताटली कोरी. दुकानातलीही कोरी. जिन्याखालच्या ताटलीत तीन. सूनबाई ऑफिसातली ताटली दोन्ही हातांनी धरून घेऊन आली, आणि पाण्यावर काळी मिरी सांडावी तसा थर होता.

"आई! सापडलं! ऑफिसात आहेत! सोफ्याजवळच ठेवली होती. आता बघते मी त्या सेक्रेटरीकडे. अहो, तुम्ही बोलत का नाही?"

मावशी खाली बसली होती. 'सोफा' म्हटल्याबरोबर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तो सोफा तिनेच केला होता. महिन्यापूर्वी. सेक्रेटरीच्या मेहुण्याच्या बंद घरातून आलेला, त्या घरात दोन दांडगी कुत्री असायची. दोन दिवस तो तिच्या दुकानात होता, आणि मुकादम त्याच्याखाली ऐसपैस झोपायचा. सेक्रेटरी मागे लागला होता, उद्या पाहुणे येणार, उद्या हवा, काहीही करा. तिचा खांदा दुखत होता. आणि तिने, टाचणीमावशीने, तीस वर्षांत एकदाच, जुनं कापड न उसवता वरून नवं ओढलं होतं. खालून नवं काळं कापड ठोकलं, आत कोण बघतंय? कानाला खडा लावला होता की पुन्हा असं करायचं नाही, आणि मग विसरूनही गेली होती. पिसवा मुकादमने आणल्या नव्हत्या. तिने त्या सोफ्यात शिवून ठेवल्या होत्या, आणि त्या आधी मुकादमलाच डसल्या होत्या.

तिने सूनबाईला सगळं सांगितलं. सूनबाई हळूच म्हणाली, "नुसती ताटली दाखवू या ना. सोफा उघडायची काय गरज?"

"ते म्हणतील, कुत्रा दारातून आत गेला असेल."

"पण आई, उघडलात तर आतलं जुनं कापड सगळ्यांना दिसेल. अर्ध्या इमारतीचं काम तुमच्याकडे असतं. आणि ती पाटी..."

"पाटीला सुई टोचत नाहीत," मावशी म्हणाली आणि उठली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाने पाय भराभर चालत होते.

सभा ऑफिसातच होती. सेक्रेटरी टेबलामागे उभा, मास्तर आणि आणखी तिघं त्याच सोफ्यावर, बाकीचे खुर्च्यांवर. मावशी आत आली ती मुकादमला घेऊनच, मागून साबणाच्या पाण्याचा वाडगा धरून सूनबाई.

"अहो, कुत्रा कशाला आणलात?" सेक्रेटरी ओरडला.

"त्याच्यावरच सभा आहे ना? मग त्याला नको का कळायला? मास्तर, उठा. सगळे उठा सोफ्यावरून."

मास्तर पोटरी खाजवत उठले. मावशीने सोफा आडवा पाडला, टाके कापायची उसवणी काढली आणि पोटाखालचं काळं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन फाडलं. मग बाजूची शिवण. नवं निळं कापड बाजूला झालं आणि खालून जुनं तपकिरी दिसलं, मळकं, जनावरांच्या केसांनी भरलेलं. शिवणीच्या खाचेत गोचिडी ओळीने बसल्या होत्या. पिसवा उडाल्या तसे सगळे भिंतीला जाऊन चिकटले.

"अरे बापरे!" मास्तर म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर केला. "पण मावशी, हे जुनं कापड आत कसं? तुमच्या पाटीवर तर..."

सूनबाईने खाली बघितलं.

"मी ठेवलं," मावशी म्हणाली. "उसवलं नाही. लबाडी केली. माझी चूक आहे, ऐकलंत सगळ्यांनी? तुमची घाई होती साहेब, पण हात माझे होते. सोफा आज मी जाळायला नेते आणि ही खोली माझ्या हाताने धुऊन देते. ज्यांना माझ्याकडून काम करून घ्यायचं नसेल त्यांनी नका घेऊ. नोटीस लावायची तर माझ्या नावाने लावा, मी त्यावर सही करते. पण ज्याने काही केलं नाही त्याला गाडीत घालणार असाल, तर आधी मला घाला. आणि मला गाडीत घालायला चार माणसं लागतील, हे लक्षात ठेवा."

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी हसला नाही. तो आपल्या मेहुण्याच्या सोफ्याकडे बघत होता आणि त्याच्या पायजम्याच्या कडेवरून एक गोचीड निवांत वर चढत होती. मावशीने ती पाहिली. खिशातून चिमटा काढला, खाली वाकली, अलगद उचलली. सूनबाईने न सांगता वाडगा पुढे केला.

"धरा," मावशी सेक्रेटरीला म्हणाली.

"मी?"

"मी काढते, तुम्ही मोजा."

त्याने वाडगा धरला. मावशी फाटक्या सोफ्यापुढे मांडी घालून बसली. एक. दोन. तीन. अकरापर्यंत सेक्रेटरीचा आवाज खाकरल्यासारखा येत होता, पुढे नीट यायला लागला. मुकादम त्यांच्या मधोमध येऊन बसला आणि हात जरा थांबला की मान वर करून बघू लागला.

दुपारी सेक्रेटरीने नोटीस स्वतःच्या नखाने खरवडून काढली. चार दिवसांनी दुकानाची पाटीही बदलली. 'जुनं पूर्ण उसवून नवं' तसंच होतं. त्याखाली मावशीने स्वतःच्या हाताने, जरा तिरक्या अक्षरांत, एक ओळ वाढवली होती: 'एकदा उसवलं नाही. इमारतीत कोणालाही विचारा.'